घटस्फोटाचा मुहूर्त

लग्नाला मुहूर्त लागतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. घटस्फोटालाही लागतो, हे ऋजुताला नेदरलँड्समध्ये दहा-अकरा वर्षं काढल्यावर कळलं, आणि तेही पुण्याहून.

तसा घटस्फोट मिळाला होता. कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागली नाही. दोघांनी मिळून अर्ज केला, वकीलबाईंनी तो पाठवला, आणि मे महिन्यात एके सकाळी पिझ्झाच्या जाहिरातीला चिकटून निकाल दाराच्या फटीतून आत पडला. इथल्या कायद्यात घटस्फोटाला एकच कारण चालतं, तेच त्यात लिहिलं होतं: हा विवाह टिकाऊ स्वरूपात निखळलेला आहे. खांदा निखळतो, तसा. ऋजुताने ते वाक्य दोनदा वाचलं आणि स्वतःशीच म्हणाली, चला, ह्या लग्नातलं काहीतरी टिकाऊ निघालं.

पण घोडं पेंड खातं ते पुढेच. कोर्टाने दिला म्हणून इथे घटस्फोट होत नाही. दोघांनी आधी लिहून द्यायचं की आम्ही ह्याविरुद्ध भांडणार नाही. मग तो निकाल खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नेऊन नोंदवायचा. जिथे लग्न नोंदवलं तिथेच. ह्यांच्या बाबतीत युट्रेख्टला. आणि ही नोंदणी, ते लिहून दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत; ह्यांनी ते जूनच्या मध्यावर लिहून दिलं. नाही नोंदवलं तर निकाल बाद, आणि तुम्ही पुन्हा नवरा-बायको, जणू काही झालंच नाही.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, “नोंदणीचं मीच पाठवून देऊ का?” त्यावर दोघंही एकदम म्हणाले, “नको नको, आम्ही करतो.” ऋजुता पुण्याची. जे काम आपल्याला घरच्या घरी जमतं त्याला माणूस लावणं म्हणजे तिला स्वतःचा अपमान वाटे. नाओकी जपानी. आपल्यापायी त्या बाईंना आणखी एक पाकीट चिकटवावं लागणार, ह्याचंच त्याला ओझं झालं. दोन वेगळ्या देशांतली माणसं एकाच खड्ड्यात कशी पडतात हे पाहायचं असेल तर त्यांना नम्रपणे एकत्र बसवावं.

नाओकी कुराता हा काही वाईट माणूस नव्हता, हीच त्यातली पंचाईत. युट्रेख्टच्या डच भाषेच्या वर्गात तो ऋजुताला भेटला. तोवर अख्खा देश तिला ‘रुयुता’ म्हणत होता. हा पहिला परदेशी, ज्याने पहिल्याच दिवशी ‘रुजुता’ असं स्वच्छ म्हटलं आणि वर मान झुकवली. माणूस प्रेमात पडायला एवढं पुरतं. संसार करायला पुरत नाही, ते नंतर कळतं. त्यांची भांडणं अशी कधी झालीच नाहीत. नाओकी भांडत नसे. तो माफी मागे. समोरच्याने माफी मागितली की ऋजुताला भांडण अर्धवट सुटल्यासारखं वाटे. सात वर्षांत अशी इतकी अर्धवट भांडणं घरात साठली की पाय ठेवायला जागा राहिली नाही. मग तो युट्रेख्टला एका खोलीत राहायला गेला, आणि ती लेकीला, ईशानीला घेऊन आइंडहोव्हनजवळ न्यूनेनच्या घरातच राहिली.

ईशानी पाच वर्षांची. आईचं मराठी, बाबाचं जपानी तिला सगळं कळे, आणि दोघांनाही ती उत्तर डचमध्ये देई. न्यूनेनचं घर तसं लहानच, पण वरची रस्त्याकडची खोली तिची होती. बागेतल्या गोगलगायींना तिने शाळेतल्या बाईंची नावं दिली होती आणि पाऊस पडून गेला की ती हजेरी घेई. शाळा दोन गल्ल्या सोडून. मैत्रीण समोरच्या दारात.

ह्या घराचाच प्रश्न होता. नाओकीची कंपनी त्याला जानेवारीत सेंदाईला, त्याच्या मूळ गावी, परत बोलावत होती. त्याने आपला हिस्सा ऋजुताच्या नावे करायचं केव्हाच कबूल केलं होतं. पण बँकेने साफ सांगितलं: घर एकटीच्या नावावर हवं असेल तर नोंदवलेला घटस्फोट दाखवा, वर्ष संपायच्या आत. नाहीतर दोघांनी मिळून विका. नोंदवलेला. बँकेतल्या मुलाने ह्या शब्दाखाली रेघ मारून दाखवली होती.

म्हणजे काम काय, तर एका ऑफिसात जाऊन एक सही करायची. दोघांपैकी कोणीही केली तरी चालते. कागद सगळे नाओकीकडे, पारदर्शक पिशव्यांत, रंगीत चिठ्ठ्या लावून. सही ऋजुता करणार, अशी वाटणी झाली. तिने जुलैतली तारीख घेतली आणि रविवारी आईशी बोलताना सहज सांगून टाकलं. तिथे चुकलं.

“जुलैत?” जयंतीबाई म्हणाल्या. “अगं, चातुर्मास लागलाय.”

“आई, मी लग्न करत नाहीये. मोडतेय.”

“तेच ते. चातुर्मासात देव झोपलेले असतात. साक्षीला कोण राहणार?”

“काउंटरवर एक बाई असते.”

“ती काय देव आहे?”

ऋजुताने तारीख पुढे ढकलली. मग श्रावण आला. श्रावणात माणसं कांदा खात नाहीत आणि तू नवरा टाकतेस, असं आईचं म्हणणं. मग गणपती. मग पितृपक्ष.

“बाबांना वरून काय वाटेल?” आई म्हणाली.

“बाबांना जिवंतपणी कशाचं काही वाटल्याचं मला आठवत नाही.”

“म्हणून तर. आता तरी वाटू दे.”

नवरात्रात आई म्हणाली, घट बसलेत, आता घटस्फोट नको. ऋजुताने तीही तारीख पुढे ढकलली. ती चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या आरशांवर काम करायची. दिवसभर केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक शोधत बसायचं आणि सापडली की सगळ्यांना मेल करायचा. पण संध्याकाळी ईशानीला सायकलवरून आणून, भात लावून, तिच्या केसांतून वाळू काढून, तिला गोष्ट सांगता सांगता स्वतःच आधी झोपून पुन्हा उठल्यावर आईशी पंचांगावरून वाद घालायचं बळ अंगात उरत नसे. तारीख बदलणं हे फोनवर दोन बोटांचं काम. आणि बदलली की जरा हलकंही वाटायचं, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही.

नाओकीकडूनही काही घाई नव्हती. उलट तोच मधूनमधून दिलगिरीचा मेसेज पाठवी. जपानी कॅलेंडरात सहा प्रकारचे दिवस आळीपाळीने येतात म्हणे. ‘क्षमस्व, मंगळवारी बुत्सुमेत्सु आहे. प्रत्यक्ष बुद्ध गेले तो दिवस. आई काळजी करते.’ ‘क्षमस्व, त्या दिवशी तोमोबिकी आहे. त्या दिवशी अंत्यविधीसुद्धा करत नाहीत, गेलेला माणूस मित्रांना ओढून नेतो. आई म्हणते, आपल्यामागे मित्रांचेही घटस्फोट होतील.’ ऋजुताने आपल्या मित्रमंडळींची मनातल्या मनात उजळणी केली. दोन-तीन जोडप्यांना ओढून नेलं तर उपकारच झाले असते. तरी तिने तारीख बदलली.

असं करता करता डिसेंबर उजाडला.

सिंटरक्लासच्या, म्हणजे मुलांच्या बुटांत भेटी ठेवून जाणाऱ्या संताच्या सणाच्या, आसपासचा शनिवार होता. ईशानीने हीटरपाशी बूट ठेवला होता आणि सिंटच्या घोड्यासाठी त्यात गाजर, त्याच्याशेजारी एक चकली. नाओकी तिला भेटायला आला होता. ती झोपल्यावर दोघं स्वयंपाकघरात बसली. मध्ये चहा, पिशव्यांतले कागद, आणि वकीलबाईंचा ताजा मेल: फक्त आठवण करून देते, पुढच्या शुक्रवारनंतर निकालाला अर्थ राहणार नाही.

“मंगळवारी उरकून टाकू,” ऋजुता म्हणाली.

नाओकीने कपाकडे बघितलं. “मंगळवार ताइआन आहे. सगळ्यात शुभ. आई म्हणते, इतका चांगला दिवस घटस्फोटात कशाला घालवायचा.”

“वाईट दिवस चालत नाही, चांगला दिवस चालत नाही. मग घालवायचा कुठल्या दिवशी?”

“क्षमस्व.”

“माफी मागू नकोस, मला उत्तर हवंय. नोव्हेंबरात का नको होतं? तेव्हा तुझ्याकडून आला होता निरोप.”

“नोव्हेंबरात...” तो अडखळला. “मला ते नीट कळलं नाही. आई म्हणाली, त्या आठवड्यात एका झाडाचं लग्न आहे.”

ऋजुताच्या हातातला कप हवेतच राहिला.

“कसल्या झाडाचं?”

“विचारलं नाही. आमच्याकडे खेड्यांत फार जुन्या चाली असतात. वाटलं, असेल एखादं झाड.”

“नाओकी, सेंदाईत झाडाचं लग्न लागत नाही. पुण्यात लागतं. तुळशीचं.”

नाओकीने गंभीरपणे विचारलं, “मुलगा कोण असतो?”

“विष्णू. ते सोड.” तिने कप खाली ठेवला. आता तिलाही काहीतरी आठवत होतं. दिवाळीच्या सुमाराला आई म्हणाली होती, त्या बुधवारी नको गं, त्या दिवशी केलं की मैत्रिणींचेही संसार मोडतात, ओढ लागते म्हणे. ऋजुताला वाटलं होतं, कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरचं नवं खूळ. “तोमोबिकी,” ती आता सावकाश म्हणाली. “माझी आई मला तोमोबिकी सांगत होती.”

दोघांनी आपापले फोन काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जुलैपासूनचे निरोप. पुण्याने नाही म्हटलेले दिवस आणि सेंदाईने नाही म्हटलेले दिवस एकमेकांत असे बसत होते जसे झिपचे दात. पुण्याचं कारण संपलं की सेंदाईचं सुरू. दसऱ्यानंतर दोघींचा साठा आटत आलेला दिसत होता आणि उसनवारी चालू झाली होती.

“पण ह्या बोलतात कशा?” ऋजुता म्हणाली. “आईला जपानी येत नाही. तुझ्या आईला इंग्लिशसुद्धा येत नाही.”

“फोनमध्ये दुभाषी असतो,” नाओकी म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. “मीच घालून दिला आईच्या फोनमध्ये. ईशानी झाली तेव्हा. मला वाटलं, चार शब्द बोलतील.”

ऋजुताला हसू येत होतं, पण तिची नजर वकीलबाईंच्या मेलवर गेली. शुक्रवार. वर ईशानी झोपेत काहीतरी पुटपुटली, आणि दोघांनीही एकाच वेळी छताकडे पाहिलं.

रविवारी सकाळी तिने पुण्याला फोन लावला. ईशानीला बागेत पाठवलं, दार लावून घेतलं.

“तुळशीचं लग्न,” ती म्हणाली. “सेंदाईला पोचलंय.”

आईने एक क्षणही घेतला नाही. “हो. मीच सांगितलं. मग?”

“मग? आई, तू मला सहा महिने गंडवलंस.”

“गंडवलं काय, चातुर्मास खरा होता. श्रावणही खराच होता. मी काय पंचांग छापते?” जयंतीबाईंनी स्क्रीनवरून तोंड वळवून कुठेतरी पाहिलं. “सहा महिने काढले की तो निकाल रद्द होतो, हे तूच सांगितलंस जूनमध्ये. मी म्हटलं, बघू. जमलं तर जमलं. तुझ्या सासूबाईंना, फुमिकोबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, त्यांच्याकडेही कॅलेंडर आहे.”

“रद्द झाला म्हणून आम्ही काय पुन्हा एकत्र राहणार होतो?”

“नाही राहणार. मला कळतं तेवढं.”

“मग कशासाठी?”

आईने खुर्ची जवळ ओढली. तिच्या मागे पुण्याच्या दुपारचा पंखा फिरत होता. “तुमचं नाही जमलं, ठीक आहे,” ती म्हणाली. “आमचं जमलंय ना. तुझे बाबा गेल्यापासून मला दुपारी फोन कोणाचा येतो? तुझा? तुला मीटिंगा. फुमिकोबाईंचा येतो. त्याही एकट्या. त्यांचा गुडघा डावा, माझा उजवा. तो फोनमधला मेला अर्धं चुकीचं सांगतो, परवा त्यांनी मला सांगितलं की त्यांनी शेजारणीला लोणच्यात घातलं. मी म्हटलं, घाला, आमच्याकडेही आहेत एक-दोन. हसून हसून जीव गेला दोघींचा.”

“आई...”

“ऐकून घे. त्या माझ्या विहीणबाई आहेत. आठ दिवसांनी कोण होतील? मुलीच्या घटस्फोट घेतलेल्या नवऱ्याची आई? एवढ्या लांबलचक नात्याच्या बाईशी रोज तासभर कोण बोलतं? शेजारच्या शामलाबाई येऊन विचारतात, कोणाशी चाललंय हो इतकं, तर सांगू काय?”

ऋजुताने बरंच काही ठरवून ठेवलं होतं. रागाचं, मुद्देसूद, आकड्यांनिशी. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं राहिलं नाही. खिडकीबाहेर ईशानी पानाखाली वाकून कोणाला तरी रागावत होती.

“आई, नात्याचं आपण बघू,” ती म्हणाली. “पण शुक्रवारपर्यंत नोंद झाली नाही तर हे घर जाणार. नाओकी जानेवारीत चाललाय. बँक थांबणार नाही. विकावं लागेल.”

“घर?”

“घर.”

“म्हणजे ईशानीची खोली?”

“ती घरातच आहे, आई.”

जयंतीबाईंनी पदराने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. “हे आधी का नाही बोललीस?”

“सप्टेंबरात बोलले. तू तेव्हा मला पितृपक्ष सांगत होतीस.”

“कुकर झालाय,” आई म्हणाली, “ठेवते,” आणि फोन बंद झाला. एकही शिट्टी वाजलेली नव्हती.

संध्याकाळी निरोप आला. ‘गुरुवारी जा. मार्गशीर्षातला गुरुवार, लक्ष्मी घरात यायचा दिवस. बाईच्या नावावर घर होतंय म्हणजे शुभकार्यच आहे, हे मला आधीच कळायला हवं होतं. दीड ते तीन राहुकाळ, त्याच्या आत उरक.’ राहुकाळ कोणत्या देशाच्या घड्याळाने, हे विचारायचं ऋजुताने टाळलं. पाठोपाठ नाओकीचा मेसेज: ‘आई म्हणते गुरुवार. सेन्शो. पुढे जाईल तो जिंकेल, असा अर्थ आहे. पण दुपारनंतर वाईट.’ आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही कॅलेंडरांचं एकमत झालं होतं. लग्नाच्या वेळीही झालं नव्हतं. ऋजुताने गुरुवार सकाळची वेळ शोधली; कोणीतरी रद्द केलेली एकच शिल्लक होती. शुक्रवार भरलेला होता.

गुरुवारी ईशानीच्या शाळेला सुट्टी निघाली. ह्या देशात शिक्षकांना मधूनच शिकावंसं वाटतं आणि मग आईबापांनी मुलं कुठे ठेवायची ते ठेवावीत. ऋजुताने तिला दोन टोप्या घातल्या, डब्यात गूळपोळी दिली आणि आइंडहोव्हनहून गाडी पकडली. वेळ भरपूर हातात ठेवला होता. डेन बॉशच्या पुढे गाडी एका शेतात थांबली. पुढे सिग्नल बिघडला आहे, असं सांगण्यात आलं. मग पुन्हा सांगण्यात आलं की अजूनही बिघडलेलाच आहे.

“मामा, काइक, एन स्खाप,” ईशानी म्हणाली, म्हणजे आई, बघ, मेंढी. खिडकीबाहेर खरोखरच एक मेंढी होती आणि तीही गाडीकडे बघत होती.

ऋजुताने फोन लावला. नाओकी अर्थातच कधीचा पोचला होता. आधी तर तो लवकर पोचू नये म्हणून इमारतीला चकरा मारत होता.

“किती वेळ लागेल?” त्याने विचारलं.

“गाडीलाच माहीत नाही.”

“काउंटरवरच्या बाई म्हणतात, आपला नंबर आलाय. त्या थोडा वेळ थांबतील. पण मग पुढच्या माणसाला बोलवावं लागेल.” फोनमध्ये घंटीचा आवाज आला, कोणाचा तरी आकडा पुकारला गेला. “मी त्यांची माफी मागितली.”

“नाओकी, कागद सगळे तुझ्याजवळ आहेत?”

“आहेत.”

“सही एकाचीच पुरते. तू कर.”

पलीकडे प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली. ऋजुताने फोन कानाशी घट्ट धरला.

“नाओकी?”

“तिथे लिहायचं असतं, विनंती करणारा कोण,” तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला दुसरा कान झाकावा लागला. “मी एकट्याने केली तर माझं एकट्याचं नाव राहील. ईशानी मोठी झाल्यावर वाचेल. तिला वाटेल, बाबाने मागितला आणि बाबा निघून गेला.”

सात वर्षांत तो एवढं सलग क्वचितच बोलला होता. हे घरात बोलला असता तर, असं ऋजुताच्या मनात आलं, आणि तिने ते तिथेच खाली बसवलं. आता त्याची वेळ नव्हती.

“तिला मी सांगीन,” ती म्हणाली. “की दोघांनी मिळून मागितला होता. आणि शेवटच्या दिवशी मी मेंढीपाशी अडकले. आणि तू उभा होतास म्हणून आपण ह्या घरात राहिलो. हे मी तिला दर वर्षी सांगीन, कंटाळा येईपर्यंत. नाओकी, त्या सहीने लग्न मोडत नाही. ते मोडून झालंय. त्या सहीने तिची खोली राहते, एवढंच.”

ईशानीने फोन हातातून ओढून घेतला. बाबा आहे म्हटल्यावर तिला राहवेना. मेंढी, दोन टोप्या, गूळपोळीचा चिकट हात, सगळं तिने त्याला डचमध्ये एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, तू तिथे एकटाच काय करतोयस? तो काय म्हणाला ते ऋजुताला ऐकू आलं नाही. “ओके,” ईशानी म्हणाली आणि फोन परत दिला.

“बरं,” नाओकी म्हणाला. मराठीत. पुण्याला ऋजुताच्या आईच्या घरी येऊन-जाऊन तो एवढा एक शब्द अचूक जागी वापरायला शिकला होता: पटलेलं नाही, पण करतो.

फोन बंद झाला. गाडी तशीच उभी होती. ऋजुताने ईशानीचा चिकट हात हातात धरला आणि पुसायचं विसरून गेली. कुठल्या तरी ऑफिसात एक माणूस आता पिशवीतून एकेक कागद काढून, चिठ्ठी सोडवून, काउंटरच्या कडेला समांतर ठेवत असणार. पेन आहे का असं विचारून, ते मिळाल्याबद्दल आभार मानत असणार. ती मेंढीकडे बघत राहिली. मेंढीला कंटाळा आला आणि ती गेली. मग कधीतरी गाडीला धक्का बसला आणि शेत मागे सरकू लागलं.

युट्रेख्टला तो स्टेशनच्या वरच्या दालनात, फुलांच्या दुकानाशेजारी उभा होता. कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून भिंतीला अगदी चिकटून. पिशव्या रिकाम्या होऊन घडी घातलेल्या. ईशानी धावत गेली आणि त्याच्या गुडघ्यांना धडकली.

“झालं?” ऋजुताने विचारलं.

“झालं. त्यांनी शिक्का मारला.” तो जरा घुटमळला. “आणि त्या बाई ‘खेफेलिसिटेअर्ट’ म्हणाल्या. अभिनंदन. मग त्यांना बहुतेक वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, सवयीने निघून गेलं. मी थँक्यू म्हटलं. चुकलं का?”

“नाही. इथे शेजाऱ्याच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी अभिनंदन करतात.” तिने रिकाम्या पिशव्या त्याच्या हातातून घेतल्या. “थँक्यू, नाओकी.”

त्याने ह्या वेळी माफी मागितली नाही. “दाखला पोस्टाने येईल,” तो म्हणाला. “पत्ता विचारला. मी न्यूनेनचा सांगितला. त्यांनी विचारलं, म्हणजे तुमचं घर का?” ईशानीची वरची टोपी डोळ्यांवर आली होती, ती त्याने दोन्ही हातांनी नीट केली. “मी म्हटलं, नाही. तिचं.”

तेवढ्यात त्याच्या कोटात फोन वाजला. तो बाहेर काढेपर्यंत ऋजुताच्या पर्समधलाही वाजू लागला. दोघांनी फोनचे स्क्रीन बघितले. पुणे. सेंदाई. राहुकाळ अजून दूर होता, तरी दोघींना दम निघत नव्हता.

“अजून जपानचं बाकी आहे,” नाओकी म्हणाला. “वकिलातीत अर्ज, आणि निकालाचं जपानी भाषांतर. कुटुंबाच्या नोंदवहीत तुझ्या नावावर फुली मारतील. भाषांतर कोणीही केलं तरी चालतं, फक्त खाली नाव लिहायचं. मी करतो. काही शब्द तुला विचारावे लागतील.”

“ये की घरी. कधी येतोस?”

त्याने आधी वाजणाऱ्या फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि आवाज खाली आणला. “शनिवारी?”

“शनिवारी,” ऋजुता म्हणाली. “पण फोन उचललास तर तारीख सांगू नकोस.”